तंजावरची प्रकाशविद्या

बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हा तंजावरविषयी आमचे ज्ञान व्यंकोजीराजे, सरस्वती महाल आणि बृहदीश्वराचे देऊळ यांपलीकडे गेलेले नव्हते. परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला घर आणि भाषा ही दोन संकटे प्रथम भेटतात. आमची दोन्ही एकदमच टळली, कारण बिऱ्हाड मिळाले ते एका जुन्या तंजावरी मराठी कुटुंबात. त्यांची मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी देश सोडून आलेली. इकडच्या भाषांचे पाणी पिऊन ती वाढली आहे. पहिले काही दिवस ती आम्हांला उमगेना आणि आमची मराठी त्यांना पोथीतली वाटे. पुढे दोन्ही बाजूंनी थोडी तडजोड झाली आणि संसार सुरळीत चालू लागला.

या घरातील धाकटा मुलगा दूरच्या एका संशोधनसंस्थेत पुंजभौतिकीच्या प्रायोगिक शाखेत डॉक्टरेटसाठी काम करतो. पोंगलच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा घरमालक एके सायंकाळी आमच्या खोलीत येऊन बसले. मुलाला लागून सहावे वर्ष. पाच वर्षांची शिष्यवृत्ती संपलेली. ज्या यंत्रावर सारा प्रयोग उभा ते बिघडून दुरुस्तीला परदेशी गेलेले, आणि ते केव्हा येईल हे संस्थेत कोणी सांगेना. तेव्हा आम्ही केंद्र सरकारचे नोकर या नात्याने मुलाला चार गोष्टी सांगाव्या आणि आमच्यासारख्या एखाद्या खात्याच्या परीक्षेला बसवावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी परीक्षेच्या अर्जाचा छापील नमुनाही बरोबर आणला होता.

आम्ही इतिहासाचे पदवीधर. प्रकाशाविषयी आम्हांला जे कळते ते दिवा लावण्या-मालवण्यापुरते. सल्ला देण्यापूर्वी निदान या गावात पूर्वी कोणी असला उद्योग केला होता काय हे पाहावे, असे वाटले आणि रविवारच्या रविवार आम्ही त्या शोधात घालवू लागलो. त्या शोधात जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ अर्थातच सरफोजीमहाराजांपासून करावा लागतो. दुसरे सरफोजी यांचा जन्म १७७७ चा. तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले. पण १७८७ मध्ये तुळजाजी वारल्यावर गादी अमरसिंहाकडे गेली आणि हा अल्पवयीन वारस श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या छत्राखाली वाढला. काही वर्षे त्याला मद्रासेस ठेवण्यात आले. १७९८ मध्ये गादी मिळाली आणि लगेच दुसऱ्या वर्षी, १७९९ च्या तहाने, मुलखाचा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजाकडे उरले ते किल्ल्यापुरते राज्य, नेमणूक आणि वसुलातील पाचवा हिस्सा. ज्याच्या पूर्वजांनी तलवारीच्या बळावर हा प्रांत घेतला त्याला बावीस वर्षांच्या वयात सक्तीची निवृत्ती मिळाली, असेच म्हणावयाचे.

अशा अवस्थेत सापडलेल्या राजेलोकांनी काय केले हे आपण इतर संस्थानांच्या इतिहासात वाचतोच. सरफोजीमहाराजांनी पुस्तके विकत घेतली. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन असे चार हजारांहून अधिक ग्रंथ त्यांनी युरोपातून आणविले आणि कितीएकांवर स्वतःच्या हाताने सही केली. त्या सह्या आम्ही काचेआडून पाहिल्या. वळण सफाईदार आहे. १८०५ च्या सुमारास त्यांनी देवनागरी छापखाना काढला. त्याचे नाव नवविद्याकलानिधी. इसापनीतीचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने तेथून १८०६ मध्ये छापून निघाले. पुण्यास तेव्हा दुसऱ्या बाजीरावाचे राज्य होते आणि मराठी छापखाना तेथे कोणाच्या स्वप्नातही नव्हता, हे जाता जाता नमूद करून ठेवतो. आमच्या पुणेकर मित्रांनी रागावू नये.

'नवविद्या' हा त्यांचा आवडता शब्द. शाळा नवविद्येच्या, छापखाना नवविद्येचा. तीतही त्यांचे मन ज्या एका गोष्टीवर विशेष जडले होते ती म्हणजे डोळा. धन्वंतरी महाल या नावाने त्यांनी औषधशाळा चालविली. तेथे देशी वैद्य होते, हकीम होते आणि इंग्रजी पद्धतीचे डॉक्टरही होते. मोतीबिंदूच्या रोग्यांवर तेथे शस्त्रक्रिया होत आणि महाराज स्वतः त्यांत भाग घेत. याचा पुरावा केवळ दंतकथेचा नाही. रोग्यांची टिपणे हस्तकागदावर लिहून ठेवलेली आजही सरस्वती महालात आहेत आणि अलीकडे नेत्रवैद्यांनी त्यांचा अभ्यास करून लेखही लिहिले आहेत. टिपणांत रोग्याची हकीगत येते, डोळ्याची स्थिती येते, उपचार आणि गुणही येतो. आणि बरोबर चित्रकाराने रंगात काढलेले त्या रोग्याच्या डोळ्याचे चित्र.

हे चित्र काढून घेणे आम्हांला फार महत्त्वाचे वाटले. हकीम किंवा वैद्य रोगी बरा करतो आणि पुढल्या रोग्याकडे वळतो. डोळा उपचारापूर्वी कसा होता आणि नंतर कसा झाला हे कागदावर उतरवून ठेवावे, आपल्यानंतर कोणी ते ताडून पाहावे, ही बुद्धी वैद्याची नव्हे, संशोधकाची आहे. तंजावरचे चितारी देवादिकांची चित्रे सोन्याचा वर्ख लावून काढण्यात प्रसिद्ध. त्याच गावात चितारी बसून कोणा रयतेच्या पिकलेल्या मोतीबिंदूचे हुबेहूब चित्र काढतो आहे, हे दृश्य कल्पनेने डोळ्यांपुढे आणून पाहावे!

१८२६ च्या मार्चमध्ये कलकत्त्याचा बिशप हेबर तंजावरास आला होता. त्याने महाराजांचे जे वर्णन लिहून ठेवले आहे त्यात हा राजा लाव्हाझिए आणि फूरक्र्वा यांची रसायनविद्या, लिनियस आणि ब्यूफाँ यांचे सृष्टिशास्त्र यांतले दाखले सहज देतो, वर घोड्याची पारख आणि वाघाची शिकार यांतही वाकबगार आहे, असे कौतुकाने म्हटले आहे. त्या कौतुकात थोडे आश्चर्यही मिसळलेले आहे आणि ते आपल्याला किंचित बोचते.

याच महाराजांच्या कारकिर्दीत, १८०८ मध्ये, बृहदीश्वराच्या देवळात एक प्रसंग घडला. तो आम्हांला येथे येईपर्यंत ठाऊक नव्हता. विल्यम लँबटन हा लष्करी अधिकारी हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी करीत होता. १८०२ मध्ये मद्रासपाशी पायाची रेषा मोजून त्याने कामास आरंभ केला. दोन उंच ठिकाणांवरून तिसऱ्या ठिकाणाकडे दुर्बिणीतून पाहावयाचे, कोन मोजावयाचा आणि त्यावरून अंतर काढावयाचे, अशी ती रीत. सगळा व्यवहार प्रकाशकिरणावर. किरण सरळ रेषेत येतो हा भरवसा आणि कोन सूक्ष्म मोजणारे यंत्र, एवढेच भांडवल. त्याचा तो थोर थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. विलायतेहून येतानाच तो फ्रेंच लढाऊ गलबताच्या हाती सापडला आणि मॉरिशसला जाऊन पोहोचला. तेथील फ्रेंच गव्हर्नराने शास्त्राचे काम म्हणून तो सोडून दिला.

कावेरीच्या या मुलखात मैलोगणती भाताची खाचरे. डोंगर नावाला नाही. तेव्हा लँबटनने देवळांच्या गोपुरांवर यंत्र चढविण्याची युक्ती काढली. तंजावरचे विमान दोनशे फुटांहून उंच. दोरांनी यंत्र वर ओढले जात असता दोर सुटला आणि ते अर्ध्या टनाचे यंत्र देवळाच्या भिंतीवर आदळले. कोन मोजण्याचे जे मोठे वर्तुळ तेच वाकले. असे वर्तुळ रतिभर जरी वाकडे झाले तरी पुढली सारी मोजणी व्यर्थ. नवे यंत्र विलायतेहून यावयाचे तर वर्षे मोडावयाची. लँबटनने यंत्र उकलले, स्वतःला तंबूत कोंडून घेतले आणि पाचरी, मळसूत्रे व कप्प्या लावून ते वर्तुळ अंशाअंशाने मूळ आकारावर आणले. त्याला सुमारे सहा आठवडे लागले. पुढे कित्येक वर्षे त्याने आणि त्याच्यामागून एव्हरेस्टनेही त्याच यंत्रावर काम केले.

या लँबटनची कबर कोठे आहे? विदर्भातील वाचकांना ठाऊक असेल, आम्हांला नव्हते. मोजणी करीत करीत उत्तरेकडे सरकत असता २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटास वारला आणि तेथेच त्याला मूठमाती दिली. कन्याकुमारीकडून निघालेली त्याची रेषा वर्धेच्या मुलखात थांबली.

मग हा तंजावरचा वारसा पुढे गेला काय? येथे इतिहासलेखकाला खरे बोलावे लागते. महाराज १८३२ मध्ये वारले. मागून आलेले शिवाजीराजे १८५५ मध्ये निपुत्रिक वारले, डलहौसीच्या सरकारने संस्थान खालसा केले आणि राजवाड्यातील चीजवस्तूही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दावा केला तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८५९ मध्ये निकाल लागला की राज्याच्या कृत्याविरुद्ध न्यायालयात दाद नाही. कायद्याच्या पुस्तकांत तो निकाल अजून वाचतात. ग्रंथालय वाचले आणि १९१८ मध्ये सर्वांना खुले झाले. परंतु धन्वंतरी महालातील ती नेत्रविद्या, ती टिपणे करण्याची शिस्त, यांचा पुढे कोणी धनी झाला असे दिसत नाही. शाळांना महाराजांनी देणग्या दिल्या होत्या, ओरत्तनाडच्या मुक्तांबा छत्रात मुलांना फुकट शिकविण्याची सोय केली होती. परंतु प्रयोगशाळा अशी जी होती ती राजाच्या वाड्यात होती, राजाच्या हौसेवर होती. हौस वंशपरंपरेने जात नाही. आमच्या मते खरे वैगुण्य येथेच होते. पैसा होता, यंत्रे होती, पुस्तके होती, बुद्धीला तर तोटाच नव्हता. जे नव्हते ते म्हणजे रोज सकाळी येऊन त्या यंत्रापाशी बसणारा आणि महाराजांनंतरही बसत राहणारा शिष्यवर्ग.

यापुढची कथा याच जिल्ह्याच्या मातीतून निघून फार दूर कलकत्त्यास जाते. चंद्रशेखर वेंकट रामन यांचे पूर्वज तंजावर जिल्ह्यातील मांगुडीच्या बाजूचे शेतकरी. रामन यांचा जन्म मात्र १८८८ मध्ये तिरुचिरापल्लीजवळ तिरुवानैक्कावल येथे झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असतानाच, १९०६ मध्ये, प्रकाशाच्या विवर्तनावरचा त्यांचा पहिला निबंध विलायतेच्या मासिकात छापून आला. एम.ए. झाले आणि पुढे? पुढे काही नव्हते. हिंदुस्थानात संशोधन करून पोट भरण्याची सोयच नव्हती. तेव्हा त्यांनी १९०७ मध्ये वित्तखात्याची परीक्षा दिली, पहिले आले आणि असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून कलकत्त्यास रुजू झाले.

आमच्यापैकी ज्यांनी लेखापालांच्या कचेऱ्यांत दिवस काढले आहेत त्यांनी येथे क्षणभर थांबावे. ज्याला पुढे नोबेल पारितोषिक मिळावयाचे तो मनुष्य दहा वर्षे आपल्याचसारखा हिशेब तपासीत होता! ट्रॅममधून जाता जाता त्यांना बऊबझार रस्त्यावर 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' अशी पाटी दिसली. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये काढलेली ही संस्था तेव्हा ओस पडली होती. आशुतोष डे नावाच्या मदतनिसाने दार उघडले. या आशूबाबूंनी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते. पण पुढे त्यांच्या एकट्याच्या नावाचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापला गेला. रामन पहाटे साडेपाचला प्रयोगशाळेत जात, पावणेदहाला घरी येऊन कसेबसे जेवून कचेरी गाठीत, पाच वाजता कचेरीतून थेट पुन्हा प्रयोगशाळेत, ते रात्री साडेनऊ-दहापर्यंत. १९०९ मध्ये रंगूनला बदली झाली. १९१० मध्ये नागपुरास झाली. होय, नागपुरास! तमिळ मनुष्य सरकारी कामाने आपल्या मुलखात आला आणि घरातच प्रयोग मांडून बसला, असे चरित्रकार सांगतात. १९११ मध्ये ते परत कलकत्त्यास गेले.

१९१७ मध्ये आशुतोष मुकर्जी यांनी त्यांना विद्यापीठातील पालित अध्यासन देऊ केले तेव्हा सरकारी पगाराच्या निम्म्याच्या आसपास पगारावर त्यांनी ते घेतले. आमच्या कचेरीत हा भाग आम्ही सांगितला तेव्हा एका वरिष्ठ लेखनिकांनी प्रथम निवृत्तिवेतनाची चौकशी केली.

ज्या प्रयोगाने त्यांचे नाव झाले त्याची कल्पना थोडक्यात देता येईल. सूर्यप्रकाश भिंगाने एकवटून निळ्या-जांभळ्या काचेतून गाळावयाचा. पलीकडे अशी एक हिरवट-पिवळी काच धरावयाची की पहिलीतून आलेले काहीच दुसरीतून जाऊ नये. दोन्ही एकापुढे एक धरल्या तर अंधार. आता दोहोंच्या मध्ये शुद्ध केलेले पातळ द्रव्य ठेवावयाचे, आणि त्यातून बाजूला विखुरलेला प्रकाश दुसऱ्या काचेतून पाहावयाचा. अंधारच दिसावयास हवा. पण अगदी फिकट उजेड दिसतो. म्हणजे द्रव्यातून जाताना प्रकाशाचा काही अंश स्वतःचा रंग बदलून बाहेर पडला. प्रकाश हा कणाकणाने येतो आणि असा एखादा कण द्रव्याच्या रेणूला आपल्या शक्तीतला ठरावीक वाटा देऊन पुढे जातो, या पुंजवादाच्या म्हणण्याला डोळ्यांनी पाहता येईल असा हा पुरावा होता. १९२८ च्या २८ फेब्रुवारीस रामन आणि त्यांचे शिष्य के. एस. कृष्णन यांनी त्याचा वर्णपट पाहून निश्चिती केली आणि १९३० मध्ये रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सारी सामग्री दोनएकशे रुपयांची, असे सांगतात.

परंतु तो उजेड पहिल्यांदा त्या दिवशी दिसला नव्हता. १९२३ मध्येच के. आर. रामनाथन यांना असाच फिकट प्रकाश दिसला होता आणि द्रव्यातील अशुद्धतेचा दोष म्हणून तो बाजूस राहिला. जानेवारी १९२८ मध्ये वेंकटेश्वरन यांना ग्लिसरीनमध्ये तो हिरवा आणि स्पष्ट दिसला. पण वेंकटेश्वरन अलीपूरच्या सरकारी परीक्षणशाळेत नोकरीला होते. त्यांना कचेरी सुटल्यावरच येता येई, आणि सूर्य काही त्यांच्यासाठी थांबत नव्हता. रामन यांना पूर्ण वेळ देणारा मनुष्य हवा होता, म्हणून त्यांनी कृष्णन यांना हाताशी घेतले. वेंकटेश्वरन यांचे नाव आज इतिहासाच्या तळटीपेत आढळते. हे आम्ही वाचले त्या रात्री आम्हांला बराच वेळ झोप आली नाही. दहा ते पाचच्या कचेरीने मनुष्याचे काय घेतले जाते याचा इतका स्वच्छ हिशेब आम्ही दुसरीकडे पाहिलेला नाही.

एवढे जमवून आम्ही शेवटी त्या मुलाशीच बोलावयास बसलो. त्याने आपला प्रयोग समजावून सांगितला. जांभळ्या लेसरचा किरण एका विशिष्ट स्फटिकात सोडला की क्वचित एखाद्या प्रकाशकणाचे दोन जुळे कण होतात. प्रत्येकाची शक्ती मूळच्या निम्मी, रंग डोळ्यांना न दिसणारा तांबडापलीकडचा. त्या जुळ्यांचा परस्परसंबंध दूर नेल्यावरही टिकतो काय, हे एकेक कण मोजून पाहावयाचे. टेबल हवेवर तरंगते, म्हणजे जमिनीचा थरकाप त्याला पोहोचू नये. आरसा केसाच्या अंशाने हलला की दिवस फुकट. खोलीत अंधार, आणि अंधारात तासन्तास मोजणी. जे यंत्र बिघडले ते हेच एकेक कण टिपणारे.

आपल्या सरकारने २०२३ मध्ये या विद्येसाठी सुमारे सहा हजार कोटी रुपयांची राष्ट्रीय योजना मंजूर केली, आणि त्याच वर्षी संशोधकांची शिष्यवृत्ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० व पुढे ४२,००० अशी वाढली, हे आम्ही त्याला ऐकविले. तो म्हणाला, ते खरे आहे; पण पाच वर्षांनी ती थांबते आणि यंत्र थांबलेले महिने त्यातून कोणी वजा करीत नाही. यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. मग आम्ही त्याला लँबटनचे सहा आठवडे सांगितले. ते त्यालाही ठाऊक नव्हते. लहानपणापासून रोज ते देऊळ पाहिलेला तो मुलगा त्या संध्याकाळी एकटाच उठून देवळाकडे गेला आणि दिवेलागणीनंतर बऱ्याच उशिरा परतला. काय पाहिलेस, असे आम्ही विचारले नाही.

सुट्टी संपवून तो परत गेला. अर्जाचा नमुना आमच्याच टेबलावर, डाकेच्या कागदांखाली, पडून होता. परवा रात्री त्याचा घरी फोन आला. यंत्र परत आले होते, बसविण्यात तीन दिवस गेले, आणि आदल्या रात्री पहाटेपर्यंत बसून त्याने पहिल्या जोड्या मोजल्या होत्या. घरमालकांनी फोन ठेवला आणि आमच्याकडे वळून विचारले, "म्हणजे मग त्या परीक्षेचे काय?"

आम्ही म्हटले, "अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे."